बारा चिठ्ठ्यांतली दुसरी पसंती

३ मार्च

चौदा महिने झाले. लिफ्ट अजून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लटकली आहे, तू सरकारात आहेस, आणि सरकारला ती दिसत नाही. तुला शिकवलं कशाला मग? टेबलावर कोपरं टेकायला?

असो. घारे, आशीर्वाद.

फोन कर म्हणून सांगू नकोस. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि हातात दुसऱ्याच कोणाचा कागद असतो. माझी शाळा चौथीपर्यंतची आहे, पण भांडण लिहून काढायला तेवढी पुरते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे नंतर "आजी, तू बोललीच नाहीस" असं व्हायला नको. तुझे आजोबा खुबा मोडून घेऊन लिफ्टने खाली उतरले. दवाखान्यातून परत आले तर लिफ्ट बंद. डॉक्टर म्हणाला, जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेव्हापासून ते तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीत, आणि मी चौथ्या मजल्यावर या दोन गुडघ्यांबरोबर. मधे एक दोरी आणि एक टोपली. जेवणाचा डबा खाली, रिकामा डबा वर. रोज सकाळी मी गॅलरीतून ओरडते, "अहो नमुना, टोपली धरा!" सगळी इमारत जागी होते, तेवढे ते होत नाहीत. सत्तेचाळीस वर्षं त्यांना नमुना म्हणते आहे. लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा माझं मनगटी घड्याळ "जरा बघतो" म्हणून त्यांनी उघडलं, ते अजून उघडंच आहे. आणि धंदा घड्याळ दुरुस्तीचा.

लिफ्टवाले म्हणतात, अध्यक्षाची सही आणा. अध्यक्ष आहे कुठे? जुना घर सोडून गेला. इमारतीत बारा बिऱ्हाडं, उभे तिघं. पहिल्या मजल्यावरचा बँडमास्तर, दुसऱ्यावरची टायपिस्ट बाई, तिसऱ्यावरचा दातवाला. चार वेळा मतं घेतली. चारही वेळा चार, चार, चार. बँडमास्तरने तर शेवटच्या वेळी निकालाआधीच बाजा वाजवून घेतला.

काहीतरी कर. नाहीतर खात्याच्या बाहेर पाटी लावा, "आतले झोपले आहेत".

तुझी आजी

*

९ मार्च

ती. आजीस, सा. न.

"हं, हं" मी ऐकते आहे हे तुला कळावं म्हणून म्हणते. पण पत्र मिळालं ते बरं झालं, कारण तुझ्या लिफ्टवर आमच्या खात्यात इलाज निघेल असं वाटतं.

आम्ही इथे एकच काम करतो. लोकांनी पसंतीक्रमाचं मतदान स्वीकारावं म्हणून त्यांना मदत करायची. एका नावावर शिक्का मारायचा नाही, तर नावांपुढे आवडीच्या क्रमाने १, २, ३ लिहायचं. पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे. असं कोणीतरी जिंकेपर्यंत. जी संस्था ही पद्धत स्वीकारते तिची एक सामायिक सोय सरकार दुरुस्त करून देतं. लिफ्ट ही सामायिक सोय आहे का, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "चालू असेल तर."  मी म्हटलं बंद आहे. मग म्हणाले, "मग नक्कीच, सगळ्यांना सारखीच बंद आहे."

योजना ऐच्छिक आहे. साहेबांच्या शब्दांत, आग्रहाने ऐच्छिक. दीड वर्षात एकाही संस्थेने ती घेतलेली नाही. जूनपर्यंत एक तरी मिळाली नाही तर खातं बंद करून मला गुरांच्या मोजणीवर पाठवणार आहेत.

आम्ही स्वतः मात्र स्वीकारली आहे. पंखा कोणाकडे फिरवायचा यावर पसंतीक्रम घेतला. आता तो भिंतीकडे तोंड करून असतो, कारण भिंत सगळ्यांची दुसरी पसंती निघाली. साहेबही असेच निवडून आले.

इमारतीत विचारून बघ ना.

तुझी घारी

*

१६ मार्च

घारे, आशीर्वाद.

विचारलं. चौथ्या मजल्याच्या जिन्यात सगळ्यांना बोलावलं, कारण मी खाली जात नाही. दातवाला धापा टाकत आला, त्याला म्हटलं, "दम खा, तोंड मिटून."

तुझं सगळं वाचून दाखवलं. बँडमास्तर म्हणाला, "म्हणजे मला सगळ्यांनी तीन-तीन द्यायचे?" मी म्हटलं, "मेल्या, हे मार्क नाहीत, नंबर आहेत. तीन मिळाले तर तू शेवटचा." तर म्हणे, "बाजाच्या स्पर्धेत जास्त आकडा तो चांगला असतो." टायपिस्ट बाई म्हणाली, "आधी कागद दाखवा. कागदाशिवाय मी कशावरही बोलत नाही." दातवाला एवढंच म्हणाला, "लिफ्ट मिळणार असेल तर मी नंबर काय, अख्खा पाढा लिहून देतो." तयार आहेत सगळे. फक्त तिघांनी आपापल्या माणसांना बाजूला घेऊन दम भरला, की दुसरा नंबर त्या बाकीच्या दोघांना द्यायचा नाही. मी दाराआडून ऐकलं. दार माझंच होतं.

आता मला दोन गोष्टी सांग. उमेदवार तिघंच आहेत, चालेल ना?

आणि दुसरं. तळाचा बाद म्हणजे नेमका कोण? कमी मिळालेला, की मुळीच न मिळालेला? नियम बघून लिही, अंदाजाने नको. शाळेत मला कमी मार्क पडले म्हणून त्याच वर्गात बसवलं, आणि आमच्या गल्लीतली एक परीक्षेला आलीच नाही ती पुढच्या वर्गात गेली. तिला नापास करायला तिचा पेपरच नव्हता. म्हणून विचारते.

तुझी आजी

*

२३ मार्च

ती. आजीस, सा. न.

तुझा दुसरा प्रश्न मी साहेबांना विचारला. त्यांनी पंखा बंद करून विचार केला. नियम चौदा असा आहे: "सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होईल. असे उमेदवार एकाहून अधिक असल्यास ते सर्व एकदम बाद होतील." साहेब म्हणाले, "'मिळालेला' असं लिहिलंय. ज्याला काही मिळालंच नाही त्याला मिळालेला कसं म्हणणार?" तेव्हा न मिळालेला बाद होत नाही. तसं कधी घडणार नाही, पण तू विचारलंस म्हणून लिहिलं. साहेबांनी त्याची टीपही काढून सगळ्या निरीक्षकांना वाटली. खात्याची या वर्षातली ती पहिलीच टीप.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. मतपत्रिकेवर किमान चार ओळी भरलेल्या हव्यात. चौथा कोणीतरी उभा कर, आजी. कोणीही.

सोबत मतपत्रिकेचा कागद जोडला आहे. त्याच्याप्रमाणे जसंच्या तसं टाइप करून बारा प्रती काढा. प्रत्येकाने निदान दोन नंबर लिहिलेच पाहिजेत, नाहीतर चिठ्ठी फुकट. निरीक्षक ४ एप्रिलला पेटी घेऊन येतील.

तुझी घारी

*

२५ मार्च, घाईत

आजी, परवाच्या कागदावर चौथ्या ओळीत ठळक अक्षरात "नमुना" असं छापलेलं आहे. ते नाव नाही! तो कागद नमुना आहे एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द गाळायचा आणि तिथे चौथ्या माणसाचं नाव घालायचं. टायपिस्ट बाईंना लगेच सांग. मिळाल्याचं कळव.

घारी

*

६ एप्रिल

घारे, आशीर्वाद.

तुझं घाईचं पत्र मिळालं. कधी मिळालं ते विचारू नकोस. पोस्टमन पत्र टोपलीत टाकतो, टोपली कधी वर असते, कधी खाली, कधी वाऱ्यावर.

तोवर टायपिस्ट बाईने बारा प्रती काढल्या होत्या. आता तिला काही बोलू नकोस. तीस वर्षं कचेरीत तिने समोर येईल ते जसंच्या तसं टाइप केलं. एकदा कागदावर माशी चिरडलेली होती, तर बाईने त्या जागी पूर्णविराम दिला. तिला तुझा कागद दिला, तिने पहिल्या तीन ओळींत तिघांची नावं घातली आणि चौथ्या ओळीत "नमुना" तसाच ठेवला. मी म्हटलं, "बाई, हे बरोबर आहे ना?" ती म्हणाली, "बरोबर-चूक बघणं माझं काम नाही."  मग माझं कसं असेल?

निरीक्षक आला. हातभर पेटी आणि वीतभर माणूस. मतदान माझ्या जिन्यात ठेवायला लावलं, म्हटलं, मतदार उतरू शकत नसेल तर पेटीने चढावं. त्याने मतपत्रिका बघितली, चार ओळी बोटाने मोजल्या आणि म्हणाला, "चार आहेत. सुरू करा."

बारा चिठ्ठ्या पडल्या. पहिली पसंती: बँडमास्तर चार, टायपिस्ट बाई चार, दातवाला चार. बँडमास्तरने बाजा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. निरीक्षक म्हणाला, "थांबा. सर्वांत कमी मिळालेले कोण? तिघंही. सारखेच कमी. तिघंही एकदम बाद."

दातवाला ओरडला, "अहो, मग सारखेच जास्त का नाही?"

"नियमात जास्तवाल्यांबद्दल काही नाही."

"आणि हा नमुना? त्याला तर शून्य आहेत!"

"त्याला मिळालीच नाहीत," निरीक्षक म्हणाला आणि खिशातून तुझ्या साहेबांची टीप काढली. "ही बघा. न मिळालेला बाद होत नाही."

मग दुसऱ्या पसंत्या काढल्या. तिघांनी आपापल्या माणसांना बाकीच्या दोघांकडे जायचं नाही म्हणून दम दिलेला. दोन नंबर तर लिहायलाच हवेत. माणसं काय करणार? उरला तोच. नमुना, बारापैकी बारा.

"अभिनंदन," निरीक्षक म्हणाला. "नमुना कोण आहेत?"

बँडमास्तर गॅलरीत गेला आणि त्याने खाली बघितलं. मग टायपिस्ट बाईने. मग सगळेच कठड्यावर वाकले. खाली तुझे आजोबा डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी घड्याळ उघडत होते. या इमारतीत राहायला आल्यापासून ज्या नावाने रोज सकाळी इमारत उठते, ते नाव इमारतीला माहीत नसेल होय?

मी काही बोलले नाही. मी कशाला बोलू?

तुझी आजी

*

१२ एप्रिल

ती. आजीस, सा. न.

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास पाणीच पीत होते. मग निरीक्षकांचा अहवाल आला आणि साहेब माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता गुरं मोजायला निघालो आपण. तर ते म्हणाले, "बारापैकी बारा! देशात कुठे असा निकाल लागलेला नाही. या नमुन्यांचं आडनाव काय?"

मी खरं सांगणार होते. पण भिंतीवर "पहिली यशस्वी संस्था" असा फलक चढत होता, आणि शिडीवरचा माणूस पंखा सांभाळून काम करत होता. मी म्हटलं, ते फक्त नमुना एवढंच लावतात.

तेव्हा आता आजोबांनी दोन ठिकाणी "नमुना" अशी सही करायची आहे. एक पद स्वीकारल्याची आणि एक लिफ्टच्या अर्जावर. सरकारी पत्र "माननीय नमुना" या नावाने तळमजल्यावर गेलं आहे. ते चिडतील का गं? कधी चिडलेले मी पाहिलेले नाहीत, म्हणून भीती वाटते.

तुझी घारी

*

७ मे

हे काय माणूस आहे की काय आहे? लिफ्ट सुरू होऊन तीन दिवस झाले, आणि अख्खी इमारत वर येऊन गेली, फक्त ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो आला नाही.

घारे, आशीर्वाद. सह्या केल्या त्यांनी, बिनबोभाट. माणसं आली, तारा बदलल्या, चार तारखेला लिफ्ट खालून वर आली ती आतून बँडमास्तरचा अख्खा बँड घेऊन. मी नवं लुगडं नेसून दारात उभी, आणि समोर ढोलवाला. दातवाला दिवसातून सहा वेळा वर येतो आणि नुसताच परत जातो. टायपिस्ट बाईने आत पाटी लावली आहे, "चार माणसे". लिफ्टवाल्यांच्या कागदावर तसंच होतं म्हणून खाली "नमुना पाटी" हेही टाइप केलंय.

यांचा पत्ता नाही. टोपलीत चिठ्ठी टाकली, "कधी येताय?" टोपली वर आली, उलट बाजूला लिहिलेलं, "अध्यक्ष कामात आहेत." दुसरी टाकली, "कसलं काम?" उत्तर आलं, "सभेत सांगण्यात येईल."

मी उतरायचं म्हणतेस? मी सोळा महिने दोरी ओढली आहे. तळहात बघ माझे. लिफ्ट त्यांच्या दाराशी उभी आहे, त्यांनीच यायचं. खाली त्यांना शांतता लाभली असेल तर तसं सांगावं. मी दोरी कापते आणि टोपलीत बटाटे ठेवते.

तू त्यांना लिही आणि विचार.

तुझी आजी

*

१३ मे

चि. घारीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी सहसा लिहीत नाही. घरात बोलायची पाळी आली नाही, त्यामुळे लिहायचीही सवय लागली नाही.

लिफ्ट उत्तम चालते. खालून चौथ्या मजल्याला एकेचाळीस सेकंद. उतरताना एकोणचाळीस. मी खोलीत बसून घड्याळ लावून मोजतो. खुबा बरा आहे. इथे शांतता आहे हे खरं, पण इतकी नको होती. सकाळी हाक ऐकू आली नाही तर दिवस सुरू झाला की नाही कळत नाही, आणि माझा धंदा तर वेळेचा.

तरी मी वर जाणार नाही. कारण तुला सांगतो, आजीला कळवू नकोस.

मतदानाची पेटी अध्यक्ष म्हणून माझ्या ताब्यात आली. मी ती उघडली. तसं करायचं नसतं, पण बंद वस्तू मला बघवत नाही. बारा चिठ्ठ्या. सगळ्यांत माझ्यापुढे दोन. त्यातला एक दोन मी लांबूनही ओळखतो. तिचा दोन बदकासारखा असतो, मान मागे वळवलेला. शाळेत कोणी सुधारला नाही. त्या चिठ्ठीत तिने एक नंबर दातवाल्याला दिला आहे.

इतर अकरा जणांचं मला काही नाही. मी त्यांचा कोण लागतो? पण सत्तेचाळीस वर्षांनंतर एखाद्याला घरातच दुसरी पसंती मिळावी, आणि तीही दातवाल्यानंतर! माझे दात माझे आहेत, सगळे. बत्तीसमधले सव्वीस.

तेव्हा मी खालीच बरा. अध्यक्षाने तळमजल्यावर राहणं सोयीचंही असतं.

तुझे आजोबा

*

१७ मे

ती. आजीस, सा. न.

आजोबांनी तुला कळवू नकोस म्हणून बजावलं आहे. म्हणून मी काही कळवत नाही. त्यांचं मूळ पत्रच सोबत जोडते.

तू खरंच दातवाल्याला पहिला नंबर दिलास?

घारी

*

२१ मे

काय वेड लागलंय का तुम्हाला? बत्तीसमधले सव्वीस म्हणे! दात मोजत बसलात आणि मतं मोजायची राहिली.

अहो, नमस्कार वगैरे. हे पत्र टोपलीतून सोडते आहे. वाचताना भिंग लावा, कारण मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

पेटी उघडलीत ना? मग चिठ्ठ्या पुढ्यात घ्या आणि मी सांगते तसं मांडा. माझी चिठ्ठी घ्या. तिच्यावर तुमच्यापुढे एक लिहिलाय असं समजा. जशी तुमची इच्छा आहे तसं. आता दातवाल्याची एक चिठ्ठी कमी झाली. बँडमास्तर चार, बाई चार, दातवाला तीन, आणि तुम्ही एक. सर्वांत कमी मिळालेला कोण? तुम्ही. एक मिळालं ना? म्हणजे मिळालेले झालात. पहिल्याच फेरीत बाद. मग माझी चिठ्ठी दुसऱ्या नंबराकडे, म्हणजे दातवाल्याकडे, आणि पुन्हा चार, चार, चार. लिफ्ट मधोमध, तुम्ही खाली, मी वर, आणि टोपली.

एक दिला असता तर गेला असतात. शून्य मिळाले म्हणून राहिलात. त्या गल्लीतल्या पोरीसारखे, पेपर न देता पास. तुम्हाला माझ्या घरात पहिला नंबर द्यायचा म्हणजे बाहेर काढायचं, हा सरकारी नियम आहे. माझा नाही.

घारीने नियम लिहून पाठवला त्याच पाकिटात तो कागद होता. चौथ्या ओळीत तुमचं नाव छापून आलेलं, सरकारी ठशात. मी ते बघितलं आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. गाळा म्हणून घारीचं पत्र दोनच दिवसांनी आलं होतं, टोपलीत वरच होतं. मी ते बटाट्यांखाली ठेवलं. तिघांनी आधी भरलेला दम ढिला पडू नये म्हणून बँडमास्तरला मी सांगितलं की बाईची माणसं तुला दोन नंबर देणार नाहीत, मग तू कशाला देतोस. बाईला दातवाल्याचं सांगितलं, दातवाल्याला बँडमास्तरचं. तीन दिवस जिन्यात उभी राहून घसा बसला माझा. तुम्हाला वाटलं होतं, एक सकाळ हाक का आली नाही? ती ही.

बारा माणसांना दोन लिहायला लावला, त्यातला एक माझा. बदक तर बदक.

आणि दातवाल्याचं म्हणाल तर त्याने लावलेली माझी कवळी चावताना टकटक वाजते. तुमच्या घड्याळापेक्षा तीच वेळेवर चालते, एवढंच त्याचं कौतुक.

आता ऐका. लिफ्टमध्ये बटणं पाच आहेत. तिथे १, २, ३ लिहायचं नसतं. दुसरी पसंती चालत नाही, फेऱ्या नाहीत, निरीक्षक नाही. एकच दाबायचं. एकेचाळीस सेकंद लागतात असं तुम्हीच लिहिलंय. येताना पेटी तिथेच ठेवा आणि माझं मनगटी घड्याळ घेऊन या, उघडं असेल तर उघडं. मी दारात उभी राहणार नाही, मागच्या वेळी ढोलवाला निघाला. कडी काढून ठेवली आहे.

या पत्राला घारीने उत्तर द्यायचं नाही, तिला गुरं मोजायला जायचं नाहीये आता, तिने तिचा पंखा बघावा. तिच्या साहेबांनी द्यायचं नाही. अध्यक्षांनीसुद्धा द्यायचं नाही, त्यांची कागदावरची उत्तरं मी बघितली आहेत. नमुन्याने द्यायचं, वर येऊन.